मोहाच्या दिवसांतले अस्वल

मोहाच्या फुलांचा सडा पडू लागला की ताडोबातील पहाटेच्या सफारीत ती फुले खायला आलेले अस्वल दिसण्याची आशा वाढते, आणि छायाचित्रकाराच्या संयमाची परीक्षाही तेव्हाच होते. वारूळ उकरून वाळवी शोषून घेताना ते इतके तल्लीन असते की जवळ आलेल्या माणसाची चाहूल त्याला फार उशिरा लागते. मग दचकलेले अस्वल पळून जाण्याऐवजी अनेकदा थेट अंगावर येते. म्हणूनच दुरून टिपणारी ४०० मिलिमीटरची लेन्स, बंद ठेवलेला फ्लॅश आणि जिप्सीतून न उतरणे, यांत मी कधीही तडजोड करत नाही. पाठीवर पिल्ले घेतलेली मादी दिसली, तर चित्र हुकले तरी चालेल, पण तिची वाट मोकळी ठेवावी. पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्या गावकऱ्यांना तर गाडीचा आडोसाही नसतो.