आई-बाबांसाठी समुद्राजवळचं घर शोधताना

नागपूरकराला समुद्र दोन्हीकडून लांब. पुरीला जा नाहीतर कोकणात, आख्खा दिवस प्रवासात जातो. म्हणून आमच्याकडचे लोक समुद्रावर गेले की सगळं एकदम उरकतात. सकाळी देऊळ, दुपारी किल्ला, संध्याकाळी बोटिंग, रात्री पुढचा मुक्काम. आई-बाबांना यातलं काहीच नको होतं. बाबा सत्त्याहत्तरचे, आई बहात्तरची. आईचा उजवा गुडघा बदललेला, बाबांना शुगर आणि रोजचं इन्सुलिन. आईचं म्हणणं एवढंच होतं, "एका जागी राहायचं. मनात आलं की समुद्रावर जायचं, कंटाळा आला की परत यायचं."

घर शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि मी त्यात आठवडेच्या आठवडे घातले, कारण मी स्वतः सोबत जाणार नव्हते. मुलाच्या परीक्षा होत्या. म्हणजे दोघंच असणार. शोधताना मी मनाशी एकच कसोटी धरली: या दोघांना कुणाचाही हात न मागता, केव्हाही, समुद्रापर्यंत जाता आलं पाहिजे आणि परत येता आलं पाहिजे. बाकी सगळं, म्हणजे एसी, टीव्ही, झोपाळा, फोटोतला सूर्यास्त, त्याच्या नंतर.

ही कसोटी लावली आणि निम्मी घरं लगेच गळाली. आंजर्ल्याला एक घर मला फार आवडलं होतं. उतारावर चिऱ्याची बांधणी, पडवीतून थेट पाणी दिसतं. पण खाली जायला चिऱ्याच्या पायऱ्या, कठडा नाही, आणि पावसाळ्यातलं शेवाळ वाळून पायऱ्या काळ्या पडलेल्या. असं घर तरण्या माणसांना द्यावं. आईनं तिथे दिवसभर वरून समुद्र बघितला असता आणि खाली जायला कुणीतरी येईल म्हणून वाट बघत बसली असती. मालवणकडे देवबागचाही विचार केला. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी, अशी जागा मी तरी दुसरी पाहिलेली नाही. पण तिथवरचा प्रवास दोघांना झेपेल असं वाटेना. शेवटी गुहागरवर येऊन थांबले.

गुहागरची रचनाच म्हाताऱ्या माणसांच्या सोयीची आहे. गावातून एक लांब रस्ता समुद्राला समांतर जातो. घरं त्या रस्त्यावर, घरामागे नारळ-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं आणि मग वाळू. सगळं जवळजवळ एका पातळीत. जाहिरातीत अशा घराला "बीच टच" म्हणतात आणि ते खोटंही नसतं, कारण वाडीचं मागचं फाटक उघडलं की वाळूच लागते. पण पलंगापासून फाटकापर्यंत किती चालायचं आणि कशावरून चालायचं, हे त्या दोन शब्दांत येत नाही. ते आपण विचारायचं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. अगदी पाण्यालगत नवीकोरी इमारत दिसली की मी ती सोडून देत होते. किनाऱ्यावरच्या बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम आहेत. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत सहसा नवं बांधकाम करता येत नाही. 2019 च्या अधिसूचनेत स्थानिक लोकांना आपल्या आहे त्या घरात पाहुणे ठेवायची मुभा आहे, आणि मला हवं होतं ते तेच: नांदतं घर, ज्यात घरचे लोक राहतात, रात्री हाक मारली तर कुणी ओ देतं.

आता व्हिडिओ कॉलबद्दल. फोटोंवर माझा भरवसा नाही. फोटो काढणारा दारातून आत बघत काढतो, उंबरठा त्याच्या पायाशी राहतो आणि फोटोत येतच नाही. कोकणातल्या जुन्या घरांचे उंबरठे चांगले वीतभर उंच असतात. म्हणून गुहागरातलं एक घर बरं वाटलं तेव्हा मी तिथल्या घरमालकांना विनंती केली की फोन छातीशी धरा, पलंगावर बसा, आणि तिथून उठून समुद्रापर्यंत चालत जा, आईच्या चालीनं. ते भले गृहस्थ होते. "होय ताई, काहीच हरकत नाही, तुम्ही सांगाल तसं चालतो," म्हणाले आणि खरंच पलंगावर बसले. पलंग बुटका होता, बसल्यावर त्यांचे गुडघे वर आलेले दिसले. बदललेल्या गुडघ्याच्या माणसाला अशा पलंगावरून उठणं म्हणजे रोजची शिक्षा. मी विचारलं, खाली लाकडी ठोकळे घालता येतील का? ते म्हणाले, वाडीत फणसाचं लाकूड पडलंय, सुताराकडून चार ठोकळे करून घेतो.

मग न्हाणीघर. कमोड होता, गिझर होता. कमोडशेजारी धरायला मात्र काही नव्हतं, आणि दाराशी एक पायरी खाली उतरत होती. रात्री दोन वाजता झोपेत उठलेल्या माणसाला ती पायरी दिसत नाही. आमच्या ओळखीत अशाच एका पायरीवरून पडून खुब्याचं हाड मोडलेल्या आजी आहेत, त्यामुळे मी इथे मागे हटले नाही. दांडी बसवून घ्या, खर्च माझा, असं सांगितलं. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी आणि रात्रभर जळणारा लहानसा दिवा, हे त्यांनीच सुचवलं. फरशी गुळगुळीत होती, त्यावर रबरी जाळीची चटई.

बाबा शेजारी बसून हे सगळं ऐकत होते. "किती पिडून राहिली वं त्या माणसाले!" म्हणाले. आई म्हणाली, "अहो, विचारू द्या ना तिले. उतरायचं आपल्याले हाय तिथं."

पुढे वाडीतली वाट. पायवाट मातीची, पण सपाट. मधे पाटाचं पाणी जातं तिथे एक फळी टाकलेली. फळी हलत होती. तिच्याऐवजी दोन चिरे बसवतो, म्हणाले. माडाखालून चालायचं म्हटल्यावर मी नारळांचं विचारलं. मला ते हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी अगदी गंभीरपणे उत्तर दिलं: पाहुणे यायच्या आधी नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घेतो, नाहीतर त्या वाटेनं कुणाला जाऊच देत नाही. त्या एका वाक्यावर माझं मन तिथे बसलं. वाडीच्या टोकाला, फाटकाच्या आत, पाठीला टेकू असलेला बाक होता. आईला हा बाक फार महत्त्वाचा. चालून आल्यावर पाच मिनिटं बसलं की ती परत तेवढंच चालते, बसायला मिळालं नाही तर घाबरते. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या वाळूवरही नेऊन ठेवा, अशी विनंती मी केली.

वाळूचं मात्र वेगळंच गणित आहे. वरची कोरडी वाळू पाऊल आत ओढते आणि गुडघ्याला त्रास देते. ओहोटीनंतर पाणी मागे गेलेलं असतं तो ओला पट्टा घट्ट असतो, तिथे आई आरामात चालू शकते. म्हणजे ओहोटी तिच्या फिरायच्या वेळेला हवी. घरमालकांनी सांगितलेला हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो: तिथीच्या पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला गेलो तर संध्याकाळी सहाला पाणी थेट वर आलेलं, चालायला फक्त मऊ वाळू. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला पूर्ण ओहोटी. डिसेंबरात तिकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. चालायची वेळ, घट्ट वाळू आणि सूर्यास्त, तिन्ही एकत्र. शिवाय पौर्णिमेला उधाण असल्यामुळे ओहोटीचं पाणीही खूप मागे जातं.

बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवलं, चष्मा लावला आणि पाठीमागे पेन्सिलीनं सगळ्या तिथ्या मांडल्या. दत्तजयंतीच्या दोन दिवस आधी पोचायचं, असं त्यांनीच ठरवलं. भरती रोज साधारण पाऊण-एक तासानं पुढे सरकते, त्यामुळे मुक्कामाच्या शेवटी ओहोटी अंधारात जाणार, तेव्हा त्या दिवसांत फिरणं सकाळी, हेही त्यांनी लिहून ठेवलं. ज्यांना घरातल्या म्हाताऱ्यांसाठी समुद्रावर जायचं ठरवायचंय त्यांनी सुट्ट्यांच्या आधी तिथी बघावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

तारखांचं आणखी एक. डिसेंबरात आपल्याकडे हिवाळी अधिवेशन असतं आणि मुंबई-पुण्याची विमानं भरून वाहतात, तिकिटं लवकर काढावी लागतात. तिकडे नाताळ ते एकतीस तारीख किनाऱ्यावर गर्दी आणि स्पीकर. त्याच्या आधीचा आठवडा शांत असतो, त्यातही सोमवार ते गुरुवार.

प्रवासात मी पैसे वाचवले नाहीत. नागपूरहून पुण्याला विमान, पुण्यात आत्याकडे एक रात्र, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं सातारा, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण करत गुहागर. रेल्वेनं चिपळूणपर्यंत जाता येतं, पण तिथून पुढे पंचेचाळीसेक किलोमीटर रस्ता राहतोच, आणि आईला आता गाडीच्या उंच पायऱ्या चढवत नाहीत. चालकाला एकच सांगितलं होतं, दर दीड तासानं थांबायचं आणि तिला दहा पावलं चालू द्यायचं.

जेवणाचं विचारायला लोक लाजतात, लाजू नये. कोकणी घरात भात मुख्य, आणि बाबांना दोन्ही वेळेला भात चालत नाही. रात्री तांदळाची नको, ज्वारीची भाकरी किंवा पोळी, आणि आठच्या आत जेवण, कारण इन्सुलिनची वेळ ठरलेली. घरच्या वहिनींनी हे वहीत लिहून घेतलं. इन्सुलिनची राखीव पेनं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये, डब्यावर बाबांचं नाव लिहून. वीज जाते का, तर जाते. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे चालतात, फ्रीज नाही. म्हणून आम्ही एक थर्मास-पिशवीही दिली. सरकारी ग्रामीण रुग्णालय गावातच आहे आणि मोठी गरज पडली तर चिपळूण, किंवा त्याच्या पुढे डेरवणचं वालावलकर रुग्णालय. रात्री गाडी कोण काढेल हेही विचारून ठेवलं होतं. त्यांचा मुलगा घरातच असतो, गाडी अंगणात उभी.

गरज पडली नाही. आई रोज ओल्या वाळूवरून चालली, आणि फोनवर मला सांगितलं ते असं: "आज तुझे बाबा झोपले होते तं मी एकटीच जाऊन आली." हे ऐकून मला किती बरं वाटलं सांगू! नागपुरात ती कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटी जात नाही. रस्ता ओलांडायची भीती वाटते तिला. बाबा व्याडेश्वराच्या देवळात सकाळी जाऊन यायचे, मग ओट्यावर पेपर. घावने आवडले, सोलकढी आवडली, पोह्यांत ओलं खोबरं आवडलं पण तर्रीची आठवण आली. हेदवीचा दशभुज गणपती बघायला जा म्हणून मी सुचवलं होतं, ते गेले नाहीत, आणि बरोबरच केलं.

कमी पडलं ते दमटपणाच्या बाबतीत. नागपूरच्या कोरड्या हवेत वाळलेलं अंग, तिथे कपडे वाळेनात आणि आईला रात्री अंथरूण ओलसर वाटायचं. पुढच्या वेळी दोन जास्तीच्या सुती चादरी आणि कपड्यांचा आणखी एक जोड द्यायचा.

येत्या मार्गशीर्षात परत जायचं ठरतंय, या वेळी मावशीलाही घेऊन. मावशी वॉकर वापरते. शेजारची खोली रिकामी आहे, पण तिच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत. मी घरमालकांना उताराचं माप पाठवलंय: दर एक फूट उंचीला बारा फूट लांबी, रुंदी निदान तीन फूट, दोन्ही बाजूंना कठडा. पायऱ्या मिळून फूटभर भरतात, म्हणजे अंगणातली बारा फूट जागा जाणार. तुळशीवृंदावन थोडं सरकवावं लागेल, वहिनींना विचारून सांगतो, असं त्यांचं उत्तर आलंय. वहिनी नाही म्हणाल्या तर मावशीसाठी दुसरं घर बघेन, याच रस्त्यावर.