आराखडा ठरण्याआधीच ज्येष्ठांना बोलवावे

ज्येष्ठांना डिजिटल व्यवहार शिकवणारे ऑनलाइन अभ्यासक्रम तयार होतात, तेव्हा स्वतः ज्येष्ठांना बोलावणे येते ते बहुधा अगदी शेवटी. धडे लिहून झालेले असतात, चित्रफिती संकलित झालेल्या असतात, आणि मग काही वयस्क मंडळींना स्क्रीनसमोर बसवून 'जमतंय का?' असे विचारले जाते. त्या टप्प्यावर फार तर अक्षरांचा आकार किंवा बटणाचा रंग बदलता येतो. काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने शिकवायचे आणि मुळात कशासाठी, हे सारे तोवर ठरून गेलेले असते. माझ्या मते ज्येष्ठांची गरज असते ती नेमकी हे ठरवताना.

अक्षरांचा आकार गौण आहे, असे मला म्हणायचे नाही. वय वाढते तसे डोळ्यांतील भिंगाची लवचीकता कमी होते, दृष्टिपटलापर्यंत कमी प्रकाश पोहोचतो, आणि उच्च स्वरातले आवाज आधी क्षीण होत असल्याने व्यंजने नीट उमगत नाहीत. निवेदनाखाली वाजणारे संगीत म्हणूनच अनेकांना अडथळा वाटते. मात्र यातील बरेचसे आता लिखित स्वरूपात उपलब्ध आहे. वेबसाठी तांत्रिक मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सुगम्यताविषयक (म्हणजे संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या) मार्गदर्शक तत्त्वांच्या 2008 च्या आवृत्तीत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात उजळपणाची तफावत किमान 4.5 ला 1 इतकी असावी असा निकष आहे, आणि मजकूर 200 टक्क्यांपर्यंत मोठा करता यावा अशी अपेक्षाही आहे. 2023 च्या आवृत्तीने बोटाने ओढून नेण्याच्या क्रियेला पर्याय असावा आणि लॉगिन केवळ स्मरणशक्तीवर विसंबलेले नसावे, या अटी घातल्या. जे या तत्त्वांत वाचायला मिळते ते विचारण्यासाठी ज्येष्ठांची सकाळ खर्ची घालणे मला अनुचित वाटते.

विचारायचे ते निराळेच आहे. तज्ज्ञांनी आखलेला अभ्यासक्रम सहसा उपकरणाच्या भागांपासून सुरू होतो, मग ईमेल खाते, पासवर्ड असे करत पुढे सरकतो आणि फसवणुकीचा विषय शेवटच्या धड्यात येतो. शिकणाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न मात्र 'हे दाबले तर पैसे जातील का?' किंवा 'इथून परत कसे यायचे?' असा असू शकतो. तो आधीच ऐकला, तर पहिला धडा मागे येण्याचा आणि केलेली क्रिया रद्द करण्याचा होतो, आणि काहीही दाबले तरी ज्यात नुकसान होत नाही असा सरावाचा पडदा आधी तयार करावा लागतो. प्रगतीच्या मोजमापाचेही तसेच आहे. एकच धडा पुन्हा पुन्हा उघडणाऱ्याला यंत्रणा 'मागे पडलेला' ठरवते. वास्तविक उजळणी हा शिकण्याचाच भाग आहे, आणि ज्याला फक्त नातवंडांची छायाचित्रे पाहायची आहेत त्याने तेवढे शिकून थांबणे म्हणजे अभ्यासक्रम अर्धवट सोडणे नव्हे. 'पूर्ण' कशाला म्हणायचे हे शिकणाऱ्यांनीच ठरवलेले बरे.

ही कल्पना नवी नाही. 1970 च्या दशकात नॉर्वेमध्ये संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टन नायगार्ड यांनी लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले, ते संगणकामुळे ज्यांचे काम बदलणार त्यांचा त्या बदलात अधिकार असावा या भूमिकेतून. ज्येष्ठांच्या संदर्भात मला निवृत्तीनंतर शिकत राहणाऱ्यांची 'तिसऱ्या वयाच्या विद्यापीठा'ची चळवळ अधिक बोलकी वाटते. 1973 मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे ती विद्यापीठाच्या आश्रयाने सुरू झाली. 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये मात्र तिने वेगळे वळण घेतले आणि सभासदच एकमेकांना शिकवू लागले, परीक्षा नाही, पदवी नाही. वृद्धांना काय शिकायचे आहे, याचा अंदाज दुसऱ्याने बांधण्याची गरजच तिथे उरली नाही.

व्यवहारातील अडचणी अर्थातच आहेत. बोलावल्यावर येतात ते बहुधा आधीच इंटरनेट वापरणारे, सुशिक्षित आणि हिंडते-फिरते लोक; ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे, त्यांच्यापर्यंत ऑनलाइन निमंत्रण पोहोचणे शक्यच नसते. त्यांना फोनवरून, कागदी पत्रकातून किंवा त्यांच्या विश्वासातल्या माणसाकरवी गाठावे लागते. साठीतल्या आणि पंच्याऐंशीतल्या व्यक्तीला एकाच गटात मोजणे ही आणखी एक सोयीस्कर चूक. शिवाय सौजन्य आड येते: ज्येष्ठ मंडळी समोरच्याच्या कष्टांची कदर म्हणून 'छान आहे' म्हणतात आणि अडले की 'माझेच काही चुकले असेल' असे पुटपुटतात. एकच नमुना दाखवून मत विचारण्याऐवजी दोन वेगळे नमुने शेजारी ठेवले, तर टीका करणे सोपे जाते. काम करता करता मनातले मोठ्याने बोलण्याची रूढ चाचणीपद्धतही इथे जपून वापरावी, कारण बोलणे आणि नवे काम करणे या दोहोंत लक्ष विभागले जाते. त्यापेक्षा दोन समवयस्कांना एकत्र बसवले की अडचणी आपसातल्या बोलण्यातून आपोआप बाहेर येतात.

मानधन, प्रवासखर्च आणि पुरेशी विश्रांती यांची तरतूद हवी, हे वेगळे सांगायला नको. त्याहून अवघड आहे ते त्यांच्या 'नाही'ला वजन देणे. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत नुसते मत विचारणे ही मधली पायरी आहे आणि तिला त्यांनी नाममात्र सहभागातच गणले. ज्येष्ठांच्या गटाने एखादा धडा निरुपयोगी ठरवला, किंवा पैशांच्या व्यवहाराचा भाग ऑनलाइन न ठेवता समोरासमोर बसूनच शिकवावा असा आग्रह धरला, तर तो मान्य करण्याची मुभा प्रकल्पाच्या वेळापत्रकात आणि अंदाजपत्रकात सुरुवातीपासूनच असायला हवी. ती नसेल, तर बैठकीचे निमंत्रण पाठवण्यापूर्वीच तसे स्पष्ट सांगावे.