पायानं वारी, डोक्यानं डवरणी

आधीच सांगून टाकतो, मी काही पंढरपूरपर्यंत चालणारा वारकरी नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते ती ७०० किलोमीटरच्या वर पायी जाते, आषाढी करते आणि परत पायीच येते, म्हणजे जवळपास दोन महिने, आणि हे दोन महिने नेमके पेरणी, डवरणी (म्हणजे बैलाच्या डवऱ्यानं तासातलं तण काढणं), खत, फवारणीचे. पाच एकरवाल्यानं तेव्हा घर सोडलं तर महाराज सांभाळून घेतील पण तण काही थांबत नाही. म्हणून आमच्यासारखे घरदारवाले परतीचा शेवटचा टप्पा धरतात, खामगाव ते शेगाव, सतरा-अठरा किलोमीटर. पालखीसोबतचे पताकावाले, टाळकरी शिस्तीत रांगेत चालतात आणि त्यांच्या मागंपुढं आमची ही गर्दी, त्या दिवशी डांबर दिसत नाही, नुसती डोकी.

माझं हे चौथं वर्ष. कारण सांगायला लाज वाटते पण खरं ते खरं, पोराच्या पोलीस भरतीसाठी चालतो. पाच वर्षं चालीन असं महाराजांना बोललो होतो. गेल्या भरतीत पोरगं दोन मार्कांनी राहिलं तर मी चक्क रुसलो, महिनाभर गुरुवारचा हार बंद. म्हणजे आपली भक्ती कशी, तर आरडी खात्यासारखी, हप्ते भरले ना, मग मुदतीला रक्कम पायजे.

गावात सप्ताहात कीर्तनकार महाराजांनी सांगितलं होतं की गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त आहेत, आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. मी बसल्या जागी तिसऱ्या नंबरवर टिक करून टाकली. बरं, देव पुढं म्हणतो की हे चारही चांगलेच, फक्त ज्ञानी म्हणजे माझा आत्माच. चला, निदान पासिंगमध्ये तरी आहो. पण मग त्यांनी बारावा अध्याय काढला, ज्ञानापेक्षा ध्यान मोठं आणि ध्यानापेक्षा कर्माच्या फळाचा त्याग मोठा, आणि तोही संसारात राहूनच करता येतो म्हणे. तिथं माझं गाडं अडलं. आमच्याकडच्या माणसाला फळ सोड म्हणणं म्हणजे कापूस पिकव पण भाव विचारू नको म्हणण्यासारखं आहे. (भाव विचारून तरी काय होते म्हणा.)

तर यावर्षी निघायच्या आदल्या दिवशी आठ दिवसांची झड उघडली. सोयाबीनमध्ये गवत गुडघ्याला यायला लागलेलं आणि आता ऊन पडणार म्हणजे उद्या वापसा होणार, जमीन डवऱ्याजोगी सुकणार, आणि उद्याच मी नाही. धुऱ्याच्या शेजारी आबाचं वावर आहे, त्यांना म्हटलं चला यावर्षी वारीले, तर म्हणे, "तुम्ही जा बाप्पा, माह्या बैलाईकडे कोण पायीन?" ते कधीच येत नाहीत. आमच्या शेगावात सेवाधारी म्हणून सेवेला नंबर लागावा म्हणून लोक वाट पाहतात आणि या माणसाला त्याचंही काही नाही. मला तेव्हा वाटलं, नास्तिकच आहे थोडे.

संध्याकाळी बाळापूरहून एसटीनं खामगावला साडभाऊकडे मुक्काम, आणि पहाटे चारला आम्ही दोघं नवराबायको रस्त्याला लागलो. अंधारात सगळीकडे गण गण गणात बोते चाललेलं, माझ्याही तोंडात तेच, पण डोकं वावरात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दिसेल ते शेत वाकून पाहत होतो की यांचं डवरलं का. घरची शेवटी म्हणाली, "तुमची पायानं वारी अन् डोक्यानं डवरणी सुरू हाये." बोललो नाही, खरंच होतं.

खायला किती असते या रस्त्यावर, बापरे. चहा, केळी, साबुदाणा, पोहे, मसालेभात, हाताला धरून देतात. लोक पाच-पाच हजारांची वर्गणी करून वाटतात आणि आपली माणसं दोन घास खाऊन द्रोण तिथंच फेकतात, मग पुढच्या स्टॉलवर परत हात पुढं. मीपण अर्धे पोहे टाकले हो, पोट भरलं होतं. टाकल्यावर आठवलं, महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते कसे, २३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमी, पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचून खाताना. आणि त्यांच्याच पालखीच्या वाटेवर चपलेला मसालेभात चिकटत होता.

अर्धा रस्ता झाला असेल. घरची म्हणाली थांबा जरा, आणि गेली ती येईचना. रस्त्यापासून थोडं आत टिनाचं घर, दाराला पुठ्ठा लटकवलेला, त्यावर गेरूनं लिहिलेलं, बायांसाठी संडास बाथरूम, आत या. चहाचे पन्नास स्टॉल पार केले होते आम्ही, पण हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्या तर चार वर्षांत नाही. बायांची ही लाईन. घरवाली चाळिशीची असेल, पदर खोचून हापशीवरून दोन-दोन बादल्या आणत होती, प्रत्येक बाई बाहेर आली की आत जाऊन पाणी मारायची, मग दुसरीला सोडायची. भिंतीजवळ करवंटीत साबण, जुना तुकडा नव्या वडीवर दाबून चिकटवलेला. आणि हापशी मारत होती कोण, तर आमच्या घरची! तिला म्हटलं चल, पालखी मागून आलीच. म्हणे, "या बाईचा हात भरून आला, दहा बादल्या काढून येतो."

तेवढ्यात टाळ-मृदंगाचा आवाज आला आणि लाईनच मोडली, सगळ्या बाया रस्त्याकडे पळाल्या. मी घुसलो पुढं, हात वर करून चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला, एकदम क्लिअर, पालखीची फुलंसुद्धा दिसतात. परत आलो तर ही दोघी तिथंच. आत एक म्हातारी होती, तिला सोडून कसं जायचं. त्या बाईनं ओले हात पदराला पुसले, रस्त्याकडे तोंड करून जोडले, समोर नुसत्या लोकांच्या पाठी, आणि परत बादली उचलली.

मला रागच आला. पुढं गेल्यावर घरचीला म्हटलं, वर्षातून एकदा येतो आपण, पालखी पाच फुटांवरून गेली आणि तू पाहिली नाही.

"आवाज आयकू आला ना."

बस, एवढंच. मग शेगाव येईपर्यंत तिनं पायाच्या फोडांशिवाय कशाचाच विषय काढला नाही. तिथं दर्शनाची लाईन पाहून कळसालाच हात जोडले, पोरांसाठी कचोरी बांधून घेतली (शेगावला येऊन कचोरी नेली नाही तर घरात घेत नाहीत) आणि एसटी धरली. पोराचं महाराजांना सांगायचं राहूनच गेलं, ते मला बस सुटल्यावर लक्षात आलं.

रात्री पोचलो. सकाळी पाय ठणकत होते तरी आधी वावरात गेलो, म्हटलं आज तरी डवरा लावू. पाहतो तर तीन एकर सोयाबीन डवरलेलं, तासं अशी सरळ, माती मोकळी, गवत उलटं पडून वाळत होतं.

प्रसादाचा पुडा घेऊन आबाकडे गेलो. ते बैलांना पाणी दाखवत होते. रोज किती द्यायचा विचारलं.

"कायचा रोज? वापसा होता, बैल जुपेलच होते, मारले चार तासं."

चार तासं कसली, दिवसभराचं काम होतं. पुडा त्यांनी कपाळाला लावला, एक पेढा स्वतः तोंडात टाकला, एक बैलापुढं धरला, आणि मला विचारलं, "खामगावकडे पाणी कसंक हाये रे?"