दोन्ही टोकांची बेरीज

यावल तालुक्यातल्या केळीच्या पट्ट्यात दूरध्वनी केबलच्या दुरुस्तीवर असताना, मे महिन्यातल्या एका दिवशी मी दोन मजुरांकडून भर उन्हात चुकीच्या जागी खड्डा खणून घेतला. ती चूक मला अजून बोचते.

दूरध्वनी केंद्रापासून डीपीपर्यंत, म्हणजे ग्राहकांच्या तारा जिथून फुटतात त्या वितरण पेटीपर्यंत, २,२०० मीटरची ती जुनी, पाणी रोखणारी जेली न भरलेली केबल होती आणि तिच्यातली तारांची एक जोडी तुटली होती. मेगरवर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरवर, इन्सुलेशन उत्तम दिसत होते, म्हणजे तारा कुठे टेकल्या नव्हत्या. अशा वेळी कपॅसिटन्स, म्हणजे धारिता मोजतात, कारण जोडीतल्या दोन तारा हा एक लांबलचक कपॅसिटरच असतो आणि तुटीपर्यंतचीच धारिता मीटरला दिसते. केंद्राकडून ०.०७२ मायक्रोफॅरड आले. किलोमीटरला ०.०५२ या नेहमीच्या हिशेबाने अंतर निघाले १,३८५ मीटर. पण तिथे तीन फूट खणल्यावर केबल धडधाकट निघाली.

मग मी डीपीवर जाऊन उरलेला तुकडा मोजला. ०.०५३, म्हणजे १,०२० मीटर. दोन्ही अंतरांची बेरीज २,४०५ झाली, केबलच्या लांबीपेक्षा २०५ मीटर जास्त! ही बेरीज कुदळ उचलण्याआधीच करायला हवी होती. धारिता वाढवणारी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर एकच होती, पाणी. तारांवरच्या पॉलिथिनची सापेक्ष परावैद्युतता, म्हणजे तो पदार्थ धारिता किती पटींनी वाढवतो तो आकडा, सुमारे २.३, तर पाण्याची जवळपास ८०. डीपीकडची जमीन उंच आणि कोरडी होती, तर केंद्राकडची केबल पाटपाण्याच्या बागेखालून जात होती. म्हणून डीपीकडचा आकडा खरा धरून केंद्रापासून १,१८० मीटरवर खणले. तिथे जुना जॉइंट होता. आतल्या तांब्यावर हिरवट थर चढला होता आणि पिळलेली तार बोट लावताच हातात आली.

तार जोडल्यावरही पूर्ण जोडी ०.११४ऐवजी ०.१२५ दाखवत होती. पाणी अजून आतच होते. बागेच्या मालकांनी, "भाऊ, घडांना तेवढा धक्का लागू देऊ नका," एवढेच सांगून खणायला परवानगी दिली. पाटाच्या कडेला केबलच्या आवरणावर कुदळीचा जुना घाव सापडला आणि त्याच्या उताराकडे आवरण चिरताच तारांमधून गढूळ पाणी ठिबकू लागले. तो सगळा ओला तुकडा बदलल्यानंतर मीटरवर ०.११४ आले.