नकाशावर जुळलेला रस्ता मॉडेलमध्ये ६२३ किलोमीटर तुटला

अमरावती-नागपूर कॉरिडॉरचं वाहतूक मॉडेल पहिल्यांदा चालवलं, तेव्हा अमरावतीहून निघालेली एकही गाडी नागपूरला पोचली नाही. ओडी मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कुठून कुठे किती गाड्या जातात त्या तक्त्यात, फेऱ्या होत्या. दोन्ही टोकांचे झोन, म्हणजे फेऱ्या जिथे सुरू होतात आणि संपतात ते भाग, रस्त्याला जोडलेले होते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ एका रेघेत, सलग दिसत होता. तरी सुमो, म्हणजे वाहतूक संगणकावर चालवून दाखवणारा प्रोग्राम, प्रत्येक फेरीमागे एकच ओळ लिहीत होता: या एजपासून (रस्त्याच्या तुकड्यापासून) त्या एजपर्यंत जोडणी सापडली नाही.

रस्त्याची माहिती दोन तुकड्यांत आली होती. अमरावतीकडचा भाग एका चमूने आखलेला, नागपूरकडचा दुसऱ्याने. त्यामुळे पहिला संशय सांध्यावर गेला. मोझरी-तिवस्याच्या आसपास दोन शेपफाईली (नकाशातल्या रेघांच्या फाईली) जिथे भेटतात तिथे जवळ जाऊन पाहिलं, तर दोन टोकांमध्ये हातभर फट. सापडलं, असंच वाटलं. टोकं आपोआप चिकटवणारं चुंबकाचं चिन्ह चालू केलं, व्हर्टेक्स टूलने एक टोक उचलून दुसऱ्यावर बसवलं, फाईल जतन केली, स्क्रिप्टने नोड (एज जिथे मिळतात ते बिंदू) आणि एजच्या फाईली पुन्हा काढल्या, नेटवर्क बांधलं. तरी तेच उत्तर.

मग नकाशा मिटवला आणि नोडचा तक्ता उघडला. सांध्यावरचे दोन नोड शेजारी ठेवले. नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचं अंतर, दोन्हीत सारखं. ईस्टिंग, म्हणजे पूर्वेकडचं अंतर, मात्र एकात ८११ किलोमीटरच्या पुढे आणि दुसऱ्यात १८८ किलोमीटर. एकाच डांबरावरच्या एकाच बिंदूत ६२३ किलोमीटरचा फरक.

कारण भूगोलाचं आहे, आणि विदर्भात काम करणाऱ्या प्रत्येकाने ते पाठ करून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. यूटीएम या मीटरमध्ये जागा मोजायच्या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले आहेत. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांश हा पट्टा ४३, तर ७८ ते ८४ हा पट्टा ४४. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, गोवा हे सगळं ४३ मध्ये बसतं, म्हणून तिकडच्या माणसाला ही अडचण आयुष्यभर येत नाही. ७८ अंशांची रेषा अमरावतीहून नागपूरकडे निघाल्यावर पंचवीस-तीस किलोमीटरवरच महामार्ग ओलांडते. प्रत्येक पट्ट्याच्या मध्यरेषेला ईस्टिंग ५,००,००० मीटर धरतात. ४३ ची मध्यरेषा ७५ अंशांवर, ४४ ची ८१ वर. सांध्याचा बिंदू पहिल्या मध्यरेषेच्या पूर्वेला जवळपास ३१२ किलोमीटर आणि दुसरीच्या पश्चिमेला तेवढाच. म्हणून एकीकडे ८१२ च्या जवळ, दुसरीकडे १८८. अंतर दोन्ही बाजूंना सारखं असल्यामुळे नॉर्दिंग तंतोतंत जुळतं, आणि तक्त्यावरून भरभर नजर फिरवणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

क्यूजीआयएस प्रत्येक थराची प्रक्षेपण-माहिती, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कशी केली आहे ते, वाचतो आणि दाखवताना सगळे थर एकाच प्रक्षेपणात आणतो. फाईलमधले आकडे तसेच राहतात, फक्त चित्र जुळतं. आमची स्क्रिप्ट चित्र पाहत नव्हती. ती शेपफाईलमधले आकडे जसेच्या तसे उचलून सुमोच्या नोड फाईलमध्ये लिहीत होती, सोबतच्या प्रक्षेपणाच्या फाईलकडे न बघता. सुमोला बिचाऱ्याला एक रस्ता ८१२ वर संपलेला आणि दुसरा १८८ वर सुरू झालेला मिळाला.

इथे एक धोका थोडक्यात टळला. नेटकन्व्हर्टमध्ये, म्हणजे नेटवर्क बांधणाऱ्या सुमोच्या साधनात, नेटवर्कचा फक्त सर्वात मोठा सलग तुकडा ठेवून बाकीचे काढून टाकण्याची सोय आहे. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या नकाशावरून आलेले सुटे गल्लीबोळ झाडायला ती फार कामाची, म्हणून अनेक जण ती कायमची चालू ठेवतात. ती चालू असती तर दोन तुकड्यांपैकी एक अख्खा गळाला असता, आणि तुटलेली जोडणी शोधण्याऐवजी आम्ही गायब झालेलं शहर शोधत बसलो असतो. पहिल्या बांधणीत ही सोय बंदच ठेवावी. किती तुकडे पडले आणि ते कुठे आहेत, हे आधी पाहावं.

दुरुस्ती सोपी, पण तिच्यातही एक जुना खड्डा आहे. क्यूजीआयएसमध्ये थराचं प्रक्षेपण ‘लावणं’ आणि थर नव्या प्रक्षेपणात ‘रूपांतरित करणं’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिली फक्त पाटी बदलते, आकडे दुसरीच बदलते. आमच्याकडे घाईत पहिली दाबली गेली. ४३ च्या आकड्यांवर ४४ ची पाटी लागली आणि अमरावती सहा अंश पूर्वेला सरकून ओडिशात, बरगड-बलांगीरच्या भागात जाऊन बसली. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांना दिसते. ती परत फिरवून थर रीतसर रूपांतरित केला.

कोणत्या पट्ट्यात करायचं, यावर थोडी चर्चा झाली आणि ती होणं योग्यच होतं. यूटीएममध्ये मध्यरेषेपासून जितकं लांब जावं तितकी लांबी ताणली जाते. सगळं ४३ मध्ये आणलं तर नागपूरच्या टोकाला दर किलोमीटरला साधारण १.८ मीटर जास्त मोजले जातात. सगळं ४४ मध्ये आणलं तर अमरावतीच्या टोकाला जेमतेम १ मीटर आणि नागपुरात नगण्य. म्हणून ४४, म्हणजे प्रक्षेपणांच्या यादीतला क्रमांक ईपीएसजी ३२६४४. शिवाय एजची लांबी निर्देशांकांवरून काढू दिली नाही. क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये प्रकल्पाचा लंबगोल (पृथ्वीचा गणिती आकार) डब्ल्यूजीएस ८४ ठेवून खरी लांबी काढली आणि प्रत्येक एजला लांबीचं मूल्य स्वतंत्र दिलं. सुमो ते मानतो.

किती जवळची टोकं आपोआप जुळवायची, ती मर्यादा आधी ५ मीटर ठेवायचं ठरत होतं. महामार्गाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या रेघांनी आखलेल्या असतात आणि मध्ये दुभाजक. अरुंद दुभाजकाच्या ठिकाणी ५ मीटरच्या मर्यादेत जाणारी आणि येणारी बाजू एकमेकींना चिकटतात, आणि गाड्या दुभाजकातून पलीकडे वळायला लागतात. म्हणून २ मीटर ठेवली आणि उरलेली टोकं हाताने जुळवली. हा आकडा घालताना थर मीटरमध्ये आहे की अंशांत, हे पुन्हा एकदा बघावंच. अंशांतल्या थराला २ सांगितलं तर दोन अंश म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास सगळं एका गोळ्यात जमा होतं.

दुपारी गाड्या नागपूरला पोचल्या, आणि खरी अवघड चूक त्यानंतर दिसली.

एका उड्डाणपुलावर महामार्गाचे ट्रक हळू होत होते. पुलावर ना सिग्नल, ना चढ-उताराचा रॅम्प. तरी काही गाड्या पुलाच्या मधोमध थांबत आणि काटकोनात वळून खालच्या गावरस्त्याने निघून जात. उंचीचा प्रश्न सुमोपुढे नव्हताच, कारण आम्ही ती दिली नव्हती. त्याच्या लेखी तो एक साधा चौक होता: चार बाजू, प्रत्येक बाजूने डावीकडे, सरळ आणि उजवीकडे अशा बारा हालचाली, शिवाय यू-टर्न. गावातल्या पन्नास फेऱ्यांना त्या चौकातून नागपूरचा रस्ता जवळचा पडत होता, म्हणून त्या पुलावर चढत होत्या.

नेटवर्क साफ करताना ग्रास या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या व्ही.क्लीन साधनातला ‘ब्रेक’ सगळ्या थरावर चालवला होता. तो एकमेकींना छेदणारी प्रत्येक रेघ छेदाच्या जागी तोडून तिथे नोड बसवतो. सपाट रस्त्यांसाठी हे हवंच असतं, कारण हाताने आखताना बरेच जण चौकात रेघ न तोडता पुढे नेतात. पण कागदावर एकमेकांना छेदणाऱ्या रेघा जमिनीवर एकमेकांना भेटतातच असं नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये याची नीट सोय आहे. समपातळीवरच्या चौकात दोन्ही रस्ते एकच नोड वाटून घेतात. पूल असेल तर नोड वाटलेला नसतो, रस्त्यावर पुलाची खूण असते आणि थराचा, म्हणजे वर-खालच्या पातळीचा, क्रमांक वेगळा असतो. आम्ही ‘ब्रेक’ चालवला आणि आखणाऱ्यांनी काळजीने जपलेला हा फरक एका क्लिकमध्ये पुसून टाकला.

उपाय असा केला. मूळ माहितीवर परत गेलो. थराच्या क्रमांकानुसार रस्ते वेगळे केले: जमिनीवरचे, पुलावरचे, भुयारी मार्गातले. ‘ब्रेक’ प्रत्येक गटावर स्वतंत्र चालवला आणि मग गट एकत्र केले. पुलाची दोन्ही टोकं मात्र जमिनीवरच्या रस्त्याला जोडलेली राहायलाच हवीत, ती विसरली की पूल हवेत लटकतो. त्यानंतर एक यादी काढली: ज्या नोडला चार किंवा जास्त एज मिळतात आणि त्यांतल्या निदान एकीवर पुलाची खूण आहे असे सगळे नोड. ही यादी छोटी असते. उपग्रह-चित्र खाली घेऊन एकेक नोड डोळ्यांनी तपासला. महामार्ग चौपदरी करताना गावरस्त्यांसाठी ठेवलेले भुयारी मार्ग बऱ्याच नकाशांवर भुयारी म्हणून आखलेलेच नसतात. तिथे पुन्हा तीच चूक होते, मॉडेलमध्ये महामार्गावर नसलेला चौक तयार होतो. या जागा शोधायला यादी पुरत नाही, ठाऊक असलेला माणूस लागतो.

बाकीच्या गोष्टी लहान, पण प्रत्येक वेळी वेळ खाणाऱ्या. सुमोला वेग मीटर प्रति सेकंदात लागतो. नकाशातला ८० जसाच्या तसा गेला तर तो ताशी २८८ किलोमीटर होतो, म्हणून ३.६ ने भागून २२.२२ द्यायचा. डाव्या बाजूच्या वाहतुकीचा पर्याय नेटकन्व्हर्टला आपण सांगावा लागतो. तो राहिला की गाड्या उजवीकडून धावतात आणि प्रत्येक चौकातल्या वळणांचे अग्रक्रम उलटे होतात. वाहनमोजणीचे तक्ते बहुतेक वेळा पीसीयूमध्ये, म्हणजे एक वाहन किती मोटारींएवढं त्या एककात, हाती येतात, पण सुमो वाहनं चालवतो, पीसीयू नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६४-१९९० मध्ये दुचाकी ०.५, ट्रक-बस ३ आणि ट्रॉलीसह ट्रॅक्टर ४.५ आहे. संत्री आणि कापसाच्या हंगामात या रस्त्यावर ट्रॉल्या भरपूर असतात. एकूण पीसीयूचा आकडा वाहनं म्हणून घातला तर एका ट्रॉलीच्या साडेचार मोटारी होतात, आणि त्या ट्रॉलीमागे तयार होणारी संथ रांग मॉडेलमधून नाहीशी होते. त्यामुळे मोजणीचे मूळ, वाहनप्रकारानुसारचे तक्ते मागून घ्यावेत.

संध्याकाळी निकाल नकाशावर परत न्यायचे होते. रांगांचे बिंदू सुमोतून काढून क्यूजीआयएसमध्ये टाकले, तर ते मालदीवच्या पूर्वेला, विषुववृत्ताजवळ, हिंदी महासागरात उमटले. नेटवर्क बांधताना नेटकन्व्हर्ट सगळे निर्देशांक सरकवून डावा-खालचा कोपरा शून्यावर आणतो, आणि किती सरकवलं ते नेटवर्क फाईलच्या सुरुवातीच्या ‘लोकेशन’ ओळीत नोंदवून ठेवतो. परत येताना ते मूल्य वजा करावं लागतं. आमच्या फाईलमध्ये त्याच ओळीत प्रक्षेपणाच्या जागी नुसतं उद्गारचिन्ह होतं. याचा अर्थ, सुमोला हे नेटवर्क पृथ्वीवर कुठे आहे ते माहीतच नव्हतं. नोड रेखांश-अक्षांशांत देऊन प्रक्षेपण सांगितलं असतं तर सुमोलिबने (सुमोच्या पायथन लायब्ररीने) एका आज्ञेत उलट रूपांतर करून दिलं असतं. पुढच्या बांधणीत तसंच केलं. तिथेही पट्टा सॉफ्टवेअरला निवडू दिला नाही, ४४ असं स्पष्ट लिहून दिलं.

एजचे निकाल जोडताना आणखी दोन अडथळे आले. जिथे नेटवर्क थेट ओपनस्ट्रीटमॅपवरून बांधलं होतं, तिथे सुमो उलट दिशेच्या एजला त्याच क्रमांकाआधी उणे चिन्ह लावतो आणि तोडलेल्या तुकड्यांना मागे हॅश व आकडा जोडतो. अशी फाईल एक्सेलमध्ये उघडून जतन केली की उणे चिन्हाचे क्रमांक ऋण संख्या होतात, हॅशवाले मजकूर राहतात, आणि क्यूजीआयएसमध्ये अर्धेच जुळतात. एजचा क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच ठेवावा. दुसरा अडथळा शेपफाईलचा. तिच्यात स्तंभाचं नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही. ‘व्हॉल्यूम काउंट अप’ आणि ‘व्हॉल्यूम काउंट डाउन’ यांची रोमन नावं दहाव्या अक्षरावर सारखीच तुटली, एकाच्या शेपटीला १ लागला आणि दोन्ही दिशांचे आकडे नकाशावर उलटे रंगले. नागपूरकडे सकाळी जाणारी गर्दी अमरावतीकडे जाताना दिसली, म्हणून लक्षात आलं. त्या दिवसापासून देवाणघेवाण जिओपॅकेज या दुसऱ्या प्रकारच्या फाईलमध्येच केली.

रात्री मॉडेल शेवटचं चालवलं तेव्हा ट्रक पुलावरून न थांबता गेले. तपासणीच्या यादीत एक छेद उरला होता. उपग्रह-चित्रात तिथे झाडांची दाट सावली होती आणि खालून रस्ता जातो की नुसता नाला, ते कळत नव्हतं. त्यापुढे ‘जागेवर जाऊन पाहणे’ असं लिहिलं आणि तोवर त्या दोन रेघा मॉडेलमध्ये न जोडता ठेवल्या.