नोंदीप्रमाणे डांबरी

सहकारनगरातील आमच्या अकरा जणांच्या सायकल गटाची दोन दिवसांची सहल ठरली, तेव्हा मार्ग आखण्याचे काम मी हौसेने मागून घेतले. अटी तीनच होत्या. दोन्ही दिवस डोंगर आणि पाणी दिसत राहावे, महामार्गावर शक्य तितके कमी जावे लागावे आणि रस्ता सबंध डांबरी किंवा काँक्रीटचा असावा. यातील तिसरी अट मला सर्वांत सोपी वाटली होती. तिच्यापायी माझे सतरा दिवस गेले.

मार्गाचा बराचसा भाग एका संध्याकाळी कागदावर उतरला. पहिल्या दिवशी कोंढवा, येवलेवाडी, बोपदेव घाट, भिवरी, चांबळीमार्गे सासवड. तेथून पुरंदर डाव्या हाताला ठेवून नारायणपूर आणि कापूरहोळ. मग महामार्गाचा चार-सहा किलोमीटरचा नाइलाज सोसून चेलाडी फाट्यावरून नसरापूर आणि मार्गासनी, विंझरमार्गे वेल्हे. एकूण साधारण ९० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी वेल्ह्याहून पाबे घाट चढायचा, खानापूरकडे उतरायचे आणि खडकवासल्याच्या पाण्याकडेने घरी परतायचे. वेल्ह्यात मुक्काम आणि पिठलं-भाकरीची सोय एका फोनवर झाली, त्यामुळे त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

घोडे अडले ते पाबे घाटाच्या उतारावर. नुकताच तोरणा करून आलेला एक परिचित बोलता बोलता म्हणाला, की खाली कुठेतरी रस्त्याचे काम चालू आहे, गाडी जरा सावकाश घ्यावी लागली. चारचाकीतल्या माणसाचे ‘जरा सावकाश’ आणि सायकलस्वाराचे ‘जरा सावकाश’ यांत किती अंतर असते, हे ज्याने एकदा सुट्या खडीवर ब्रेक दाबला आहे त्यालाच कळेल. आमच्यातील चौघांच्या सायकलींना २५ मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत. चढावर खडी लागली तर उतरून सायकल ढकलता येते. उतारावर मात्र वळण घेताना पुढचे चाक घसरले, की सावरायला वेळच मिळत नाही.

मी आधी घरबसल्या शोध घेतला. उपग्रहचित्रात रस्ता काळा आणि नितळ दिसत होता, पण ते चित्र केव्हाचे आहे ते उमगेना. सायकलस्वारांच्या फेऱ्यांवरून तयार होणाऱ्या नकाशातही तो ठळक उमटला होता. पण तो नकाशा कोण कोठून गेले एवढेच सांगतो, या आठवड्यात कोणी तेथे खोदून ठेवले आहे का, ते सांगत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे रस्ता आहे त्यांनाच विचारावे, असे माझ्या बँकेतील नोकरीत मुरलेल्या मनाने घेतले. कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही.

पहिल्या दिवशी साहेब साइटवर होते. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण बैठकीत होते. तिसऱ्या खेपेला ज्या लिपिकांशी गाठ पडली ते वागायला सौजन्यशील होते, हे नमूद केले पाहिजे, आणि कदाचित त्यामुळेच माझी चिडचिड अधिक झाली. त्यांनी मला पहिला प्रश्न केला, “मॅडम, रस्त्याचा क्रमांक काय?” गावांची नावे पुरत नाहीत, हे मला तेव्हा समजले. रस्ता राज्य मार्ग आहे, प्रमुख जिल्हा मार्ग आहे, इतर जिल्हा मार्ग आहे की ग्रामीण मार्ग, यावर तो कोणाच्या अखत्यारीत येतो ते ठरते आणि ते ठरेपर्यंत त्याच्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. (किलोमीटरच्या दगडाचा माथा पाहण्याची सवय मला तेव्हापासून लागली. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग आणि केशरी असेल तर ग्रामीण रस्ता.)

क्रमांक मिळवून मी चौथ्यांदा गेले. लिपिकांनी कपाटातून एक जाड नोंदवही काढली, बोटाला पाणी लावून पाने उलटली आणि एका ओळीवर पट्टी ठेवून ती वही माझ्याकडे वळवली. लांबीच्या रकान्याशेजारी निळ्या शाईत ‘डांबरी’ असे वळणदार अक्षर होते. “हे बघा, नोंदीप्रमाणे डांबरीच आहे.” मी म्हटले, नोंद असेल, पण आज तेथे डांबर आहे का? त्यावर ते क्षणभर थांबले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, “आजचं इथून कसं सांगणार?” लेखी हवे असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, असा सल्लाही त्यांनी दिला. २००५च्या त्या कायद्याप्रमाणे १० रुपये शुल्क आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत. आमची सहल अकरा दिवसांवर आली होती. तरीही मी निव्वळ हट्टापोटी अर्ज केला, आवक क्रमांक घेतला आणि जिना उतरताना स्वतःवरच रागावले. घरापासून तो घाट फार तर पन्नास किलोमीटर असताना मी सहा दिवस एका टेबलाशी काय करत होते?

पुढच्याच रविवारी भाच्याला घेऊन स्कूटरवर निघाले. खानापूरच्या बाजूने वर चढताना एका वळणानंतर डांबर सरळ रेषेत कापल्यासारखे संपले आणि पुढे उघडी खडी सुरू झाली. स्कूटरच्या मीटरवर मोजले, तर तो तुकडा १.८ किलोमीटरचा भरला. त्यातील चार-पाच दगड मी पिशवीत टाकले. एकेक दगड लिंबाएवढा होता. रोलरच्या सावलीत डबा खात बसलेल्या मुकादमांना विचारले, तेव्हा चार खेपांत मिळाले नव्हते ते उत्तर दोन मिनिटांत मिळाले. “ताई, बुधवारपर्यंत दबाई, मग प्राइम कोट, आणि पुढच्या शुक्रवारी कार्पेट. प्लँट बंद पडला नाही तर.” (प्राइम कोट म्हणजे दाबलेल्या खडीवर फवारलेला पातळ डांबराचा थर, कार्पेट म्हणजे त्यावर अंथरलेला डांबर आणि बारीक खडीचा थर, आणि प्लँट म्हणजे ते मिश्रण तयार होते ती जागा.) त्यांनी आणखी एक गोष्ट आपण होऊन सांगितली, जी मला कोणत्याही नकाशाने सांगितली नसती: खडीपेक्षा ताज्या प्राइम कोटला जास्त घाबरा, कारण चाकाला डांबर लागले की त्यावर बारीक कच चिकटते आणि टायर फाटतो. त्यांचा नंबर घेतला आणि शनिवारी सकाळी फोटो पाठवायचे त्यांनी कबूल केले.

गटाच्या बैठकीत मी ते दगड टेबलावर ठेवले. “एवढ्याशा खडीला काय घाबरायचं?” म्हणणारे आमचे सर्वांत महागड्या सायकलचे मालक त्यातील एक दगड हातात फिरवून गप्प झाले. कार्पेट झाले नाही, तर वेल्ह्याहून आल्या वाटेने नसरापूरला परतायचे आणि कात्रजच्या जुन्या बोगद्यातून पुण्यात यायचे, असा पर्यायी मार्ग एकमताने ठरला. पर्याय निघण्यापूर्वीच ठरवावा. चढण चढून दमलेली अकरा माणसे खिंडीत उभी राहून कधीही एकमताला येत नाहीत.

आणखी एक सांगायचे राहिले. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले असले, तरी फाट्यावर रस्ता विचारताना वेल्हेच विचारावे. राजगड म्हटले की लोक गुंजवण्याकडे, किल्ल्याच्या पायथ्याला पाठवतात. ग्रामसडक योजनेतील रस्त्याच्या तोंडाशी जो फलक असतो, तो थांबून वाचावा. काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीची पाच वर्षे त्यावर लिहिलेली असतात, आणि ती मुदत उलटून दोन पावसाळे गेले असतील तर खड्डे गृहीत धरावेत.

शनिवारी आम्ही नारायणपूरच्या पुढे चहाला थांबलो असताना मुकादमांचा फोटो आला. रस्ता काळाभोर होता आणि कडेला त्यांची चप्पल घातलेली पावले दिसत होती. रविवारी सकाळी पाबे खिंडीत पोहोचलो, तेव्हा तोरण्याच्या माचीवर ऊन आले होते. तो १.८ किलोमीटरचा तुकडा आम्ही पाच मिनिटांत उतरलो, आणि माझ्याखेरीज कोणाच्या ते लक्षातही आले नाही. मी मात्र नव्या आणि जुन्या डांबराच्या सांध्यावर मुद्दाम थांबले.

माहिती अधिकारातील उत्तर सहलीनंतर अठरा दिवसांनी टपालाने आले: सदर रस्ता नोंदीनुसार डांबरी पृष्ठभागाचा आहे. एव्हाना तो खरोखरच तसा होता.

याच मार्गाने कोणी जाणार असेल, तर रविवारी खडकवासल्याची चौपाटी दहाच्या आत मागे टाकावी. आम्ही साडेअकराला पोहोचलो. कणसांच्या गाड्या, उभ्या केलेल्या मोटारी आणि रस्त्यातच फोटो काढणारी कुटुंबे यांच्यातून वाट काढताना जो वेळ गेला, तेवढ्यात पाबे घाट पुन्हा एकदा चढून झाला असता.