टोरोंटोच्या वॉर्ड्‌स बेटावरील घरवस्ती : भेट देऊ इच्छिणाऱ्यांसाठी

टोरोंटोत बे स्ट्रीटच्या दक्षिण टोकाला जॅक लेटन फेरी टर्मिनल आहे. तेथून सुटणाऱ्या बोटींपैकी वॉर्ड्‌स आयलंडची बोट धरावी, कारण सेंटर आयलंडला उतरल्यास वस्तीपर्यंत बरेच चालावे लागते. तिकीट शहराच्या बाजूलाच घ्यायचे असते आणि परतीचे भाडे त्यातच येते. उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी रांग फार लांबते, म्हणून सकाळीच निघालेले बरे.

वॉर्ड्‌स आणि पुलाने जोडलेले अल्गॉनक्विन अशी दोन बेटे मिळून येथे सुमारे 260 घरे आहेत. खासगी मोटारींना मज्जाव असल्यामुळे गल्ल्या पायवाटांएवढ्याच रुंद आहेत. आमच्यासमोरून एक बाई सायकलमागच्या गाडीत मातीची पोती आणि त्यांवर दुधाच्या पिशव्या लादून सावकाश घराकडे निघाल्या होत्या. वॉर्ड्‌सवरची घरे इतकी खेटून का, याचे उत्तर इतिहासात आहे. येथे आधी उन्हाळ्यापुरते तंबू पडत, 1931 मध्ये त्यांच्या जागी कॉटेज बांधण्याची परवानगी मिळाली आणि तंबूंचे चिमुकले भूखंड तसेच राहिले.

पुढे 1956 मध्ये बेटांचा ताबा महानगर प्रशासनाकडे गेला आणि सार्वजनिक उद्यानासाठी घरे पाडण्यास सुरुवात झाली. पश्चिमेकडची वस्ती पुसली गेली, पण पूर्वेकडचे रहिवासी न्यायालयांत आणि रस्त्यावरही झगडत राहिले. 28 जुलै 1980 रोजी शेरीफ, म्हणजे न्यायालयाचे आदेश बजावणारा अधिकारी, घरे रिकामी करण्याचे आदेश घेऊन आला, तेव्हा अल्गॉनक्विनच्या पुलापाशी जमलेल्या रहिवाशांनी त्याला अडवले आणि तो परत गेला. आज निवांत दिसणारा हा लाकडी पूल आवर्जून पाहावा.

अखेर 1993 मध्ये ओंटारिओ प्रांताने कायदा करून जमिनीसाठी 99 वर्षांचे भाडेपट्टे दिले आणि घरांच्या व्यवहारांवर देखरेख करण्यासाठी ट्रस्ट नेमला. घर रहिवाशाचे, जमीन मात्र पट्ट्यावर, हे सिडकोच्या घरात राहणाऱ्यांना चटकन कळेल. निराळी गोष्ट पुढे आहे. येथे घर खुल्या बाजारात विकता येत नाही, किंमत ठरलेल्या सूत्राने निघते आणि ग्राहक 500 नावांच्या प्रतीक्षा यादीतून क्रमाने येतो. घर हेच मुख्य निवासस्थान असावे, अशीही अट आहे. शहरासमोरच्या या जागेवर श्रीमंतांचे सुट्टीतले बंगले उभे राहिले नाहीत, याचे श्रेय माझ्या मते याच अटींना द्यायला हवे. तरीही वस्तीला पूर्ण स्वायत्त म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण पाणी, पोलीस आणि बोट शहराचीच आहे.

गल्ल्यांतून कोणीही फिरू शकतो, पण अंगणे खासगी आहेत. कुंपण हातभर उंचीचे असले तरी आत डोकावून छायाचित्रे काढू नयेत. दक्षिणेकडची लाकडी फळ्यांची वाट ओंटारिओ सरोवराच्या काठाने जाते, तेथे मनसोक्त हिंडावे. खाण्यापिण्याची सोय मोजकी आणि हंगामी आहे, तेव्हा डबा व पाणी बरोबर असू द्यावे. वसंतात निघण्यापूर्वी सरोवराच्या पातळीची चौकशी करावी, कारण 2017 च्या पुरात उद्यान जुलैअखेरपर्यंत पर्यटकांसाठी बंद होते. वॉर्ड्‌सची बोट हिवाळ्यातही चालते, परंतु फेऱ्या कमी असतात; उतरताच परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ पाहून ठेवावी.